कोरड्या बोअरच्या दुखवट्याला

ज्या बोअरला पाणी लागलं नाही त्याच्या दुखवट्याला जाणारा माणूस नांदेड आणि लातूर या दोन्ही जिल्ह्यांत मिळून एकच आहे, आणि तो नेमका माझा साडू असावा, याला मी माझं नशीब म्हणतो. माझा धंदा बोअर पाडण्याचा. पंधराव्या वर्षी दुसऱ्याच्या गाडीवर रॉड उचलायला लागलो, आज अहमदपुरात माझ्या स्वतःच्या दोन पोपटी गाड्या उभ्या असतात. मला कुणी काही फुकट दिलं नाही आणि मीही कुणाला दिलेलं नाही. केसिंग पाइपच्या भावावरून चार वेळा दुकानाचा जिना उतरून पाचव्यांदा दुकानदाराला हाक मारायला लावणारा माणूस मी. असा मी एका ग्रामसभेत, चारशे डोळ्यांसमोर, हातात आलेलं दहा बोअरचं काम स्वतःच्या तोंडानं घालवून बसलो. लोक म्हणतात, मीच घालवलं. मी म्हणतो, साडूनं घालवलं. त्या दिवशी मी ओरडेपर्यंत त्यांनी एक अक्षरही उच्चारलं नाही हे मला मान्य आहे, पण माझा राग त्याचाच आहे.

सर म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. नांदेडला विद्यापीठात पर्यावरण शिकवायचे. सासरी त्यांना सगळे सर म्हणतात म्हणून मीही म्हणतो. ते मला साडूभाऊ म्हणतात, आणि तेही इतक्या मायेनं की मी घरून तयार करून नेलेलं निम्मं भांडण तिथंच मरतं. अंगानं वाळलेल्या तुराटीसारखे, चालताना कायम खाली बघणारे. त्यांचा उजवा कान डाव्यापेक्षा मोठा आहे असं माझं ठाम मत आहे. इतकी वर्षं जमिनीला लावून लावून तो पसरला असणार. अर्धापूरला एका लग्नात अक्षता पडायच्या वेळी सर दिसेनात. वरपक्षाचे लोक शोधायला गेले, तर हे शेजारच्या केळीच्या बागेत, अंगात कोट, डोक्यावर फेटा, आणि कान जमिनीला लावून आडवे पडलेले. लोकांना वाटलं चक्कर आली. कुणी कांदा आणायला पळालं, कुणी चप्पल. सर पडल्या पडल्या बोटानं गप्प बसायची खूण करत होते. उठल्यावर त्यांनी वधूपित्याला विचारलं, "तुमच्या शेजाऱ्यानं नवीन मोटर टाकलीय का हो?" टाकली होती. आठवड्यातच वधूपित्याच्या बोअरनं गुळण्या टाकायला, म्हणजे अडत अडत पाणी फेकायला, सुरुवात केली. तेव्हापासून त्या घरात सरांचं नाव निघालं की बायका पदर सावरतात.

दुखवट्याची पद्धत अशी. कुठं बोअर फेल गेल्याची खबर लागली की सर दोन दिवसांच्या आत तिथं हजर. वेळ ठरलेली, भर दुपारची. पायांतल्या चपला काढायच्या, तोंडावरचा दगड बाजूला करायचा, पाइपाच्या तोंडावर पतंगाच्या कागदाची एक पट्टी दोऱ्यानं लोंबती बांधायची आणि शेजारी मांडी घालून बसायचं. मी पहिल्यांदा त्यांच्यासोबत गेलो तो बोअर लोह्याच्या अलीकडचा, माझ्याच गाडीनं पाडलेला. ऊन असं की बाभळीची सावलीसुद्धा बाभळीच्या पोटात शिरलेली. वाऱ्याची झुळूक नाही, पाखरू नाही. मी वैतागून म्हणालो, "सर, मेलेल्यापाशी बसून काय करून राहिलाव? चला, जेवू." सर म्हणाले, "हळू बोला साडूभाऊ. बाहेर सोडतोय."

आणि ती पट्टी उचलली गेली. आजूबाजूला गवताची काडी हलत नव्हती आणि ती पट्टी आपली सरळ वर, जणू खालून कुणी फुंकर घालतंय. मी हात धरला. गार, ओलसर, बंद पेटीतल्या कपड्यांसारखा वास असलेली हवा होती. बारीक आवाजही येत होता, झोपलेल्या माणसाच्या नाकातून येतो तसा. दिवस कलला तशी पट्टी लोंबली, थोडा वेळ नुसती थरथरली आणि मग हळूच आत ओढली गेली. शेताचा मालक दहा पावलांवर उभा होता, जवळ यायला तयार नव्हता. त्यानं तिथूनच विचारलं, "सर, आत कोण हाय?"

"कोणी नाही," सर म्हणाले. "तेच तर."

पुढं त्यांनी मला समजावलं की यात भुताखेताचं काही नाही. बाहेरच्या हवेचा दाब दिवसातून दोनदा चढतो, दोनदा उतरतो, तशी ही आतली हवा बाहेर येते आणि आत जाते. खडकातल्या ज्या पोकळ्यांत पूर्वी पाणी होतं तिथं आता हवा आहे, एवढंच. "घर रिकामं झालं की वारा फिरतो, तसं," ते म्हणाले. समजावून झाल्यावर माझी भीती जाईल असं त्यांना वाटलं असावं. ती दुप्पट झाली, कारण घर रिकामं करणारा मी होतो. त्या दिवसापासून आजतागायत मी उघड्या बोअरकडे पाठ करून उभा राहिलेलो नाही.

शिकवण्याची तऱ्हा याहून विचित्र. पर्यावरण हा विषयच नाही, असं पर्यावरणाच्या या मास्तरांचं म्हणणं. "विहीर एक आहे साडूभाऊ, पण तिला खडक आहे, मालक आहे, कायदा आहे, गाणं आहे. एकट्या माणसाला ती दिसत नाही." म्हणून ते वेगवेगळ्या विभागांतली पोरं गोळा करायचे. भूशास्त्राचा एक, मराठीची एक, उर्दूचा एक, कायद्याची एक, संख्याशास्त्राचा एक, अशी वरात जीपमध्ये कोंबून गावोगाव. विहिरीच्या कडेनं सगळ्यांनी तासभर मुकाट बसायचं, मग जे कळलं ते आपापल्या वहीत लिहायचं. इथवर ठीक. त्यानंतर सर टाळी वाजवून म्हणायचे, "वह्या बदला!" म्हणजे खडकवाल्यानं गाणी गोळा करायची, गाणीवालीनं खडक फोडायचा, कायदेवालीनं पाणी मोजायचं. मी विचारलं, अशानं कुणाला काय येणार? सर म्हणाले, "आपल्याला काय येत नाही ते येईल. आधी तेवढं पुरे."

आमच्या सासूबाई लोह्याजवळच्या त्यांच्या गावात एकट्या राहायच्या. भूशास्त्राचं पोरगं, देगलूरकडचं, चांगलं सहा फुटी, एकदा त्यांच्याकडं ओव्या लिहून घ्यायला गेलं. वही उघडून म्हणालं, "आजी, गाणं सांगा." सासूबाई म्हणाल्या, "रिकाम्या हातानं ओवी येत न्हाई बापू. धर खुंटा." पोरानं दोन पायली ज्वारी दळली. हाताला फोड आले तेव्हा कुठं त्यांनी गावच्या आडाची, तिथल्या लेकींची ओवी म्हटली:

आड सात परसाचा, दोर पुरला तीनाला
बाई माहेराचं पाणी, कसं कळलं तानेला

परस म्हणजे हात वर करून उभ्या माणसाची उंची. पोरगं फोड फुंकत आलं आणि सर ओवी ऐकून उभेच राहिले. सात परस खोल आड, आणि दोर तीन परसांतच पाण्याला टेकायचा! त्या गावाचं पाणी पूर्वी किती वर होतं हे कुठल्या सरकारी कागदात नव्हतं, ते जात्यावर निघालं. उर्दूच्या पोरानं निजामाच्या वेळचा एक कागद वाचून सांगितलं की हा आड बारमाही असल्याची नोंद आहे. संख्याशास्त्रवाल्यानं दोन्ही जोडून आलेख काढला. सर आनंदानं वेडे झाले. त्यांनी त्या पोराला मिठी मारली आणि सासूबाईंना वाकून नमस्कार केला. मला मात्र त्या आडाचं नाव निघाल्याबरोबर पाणी प्यावंसं वाटलं, आणि मी बाहेर ओट्यावर जाऊन बसलो. त्याचं कारण पुढं सांगतो.

मधे विद्यापीठात त्यांचं प्रदर्शन झालं. नातेवाईक म्हणून मला बोलावणं. मी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून गेलो. भिंतभर एक नकाशा होता, लोहा ते अहमदपूर सगळा पट्टा. लांबून काय हिरवागार दिसत होता! मला वाटलं, बागायत दाखवलीय. जवळ गेलो तर ते सगळे पोपटी ठिपके. कायद्याच्या मुलीनं मला ओळखलं नाही. मोठ्या उत्साहानं म्हणाली, "काका, हे सगळे मेलेले बोअर. रंग गाडीप्रमाणं दिलाय. हा पोपटीवाला बघा ना, त्यानं तर कहर केलाय."

मी तिथं काय काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. सर धावत आले, माझा हात धरून म्हणाले, "साडूभाऊ, मी तुमचं नाव कुठं लिहिलंय का?"

"नाव कशाला पाहिजे? गाडी अख्ख्या तालुक्याला माहीत आहे! माझ्या धंद्याचं मसणवटं मांडलं तुम्ही!"

"धंदा तुम्हीच केलाय तेवढा. दुसऱ्या कुणाला एवढं जमलं नाही," सर म्हणाले. आणि गंमत म्हणजे, ते मनापासून कौतुक करत होते. वर्षभर मी त्यांच्या घरी पाणी प्यालो नाही.

आता त्या आडाचं. कितीतरी वर्षांपूर्वी, माझी पहिली गाडी नवी होती तेव्हा, सासरच्या गावात उसाच्या एका मोठ्या बागायतदाराचा बोअर मी पाडत होतो. आडापासून हाकेच्या अंतरावर. काळा पाषाण संपला आणि मांजऱ्या लागला, म्हणजे बारीक भोकं भोकं असलेला खडक. मी कॉम्प्रेसरची हवा पूर्ण सोडली. थोड्या वेळानं आडाकडून बायका किंचाळत पळत आल्या. घागरी तिथंच टाकलेल्या. सगळ्यांत पुढं सासूबाई. "आड बोलून राहिला! आड घुमून राहिला!" मी जाऊन वाकून पाहिलं. तळातलं पाणी उकळल्यासारखं होत होतं आणि खालून आवाज येत होता, घशात काहीतरी अडकलेल्या म्हाताऱ्याचा असतो तसा. अंगावर काटा आला. पण काटा येता येताच मला कळलं. मी मागं वळून माझ्या माणसाला हवा बंद करायची खूण केली. हवा बंद झाली, आड गप्प झाला.

वाट जुळली होती. माझी हवा त्या भोकांतून आडात निघत होती, म्हणजे आडाचं पाणी त्याच वाटेनं बोअरमध्ये येणार होतं. बोअर पाडणाऱ्या कुणालाही हे कळतं. माझ्या बोअरच्या वहीत, फूट आणि खडक लिहितो तिथं, मी एक ओळ लिहिली: "हवा आडात निघाली." आणि वही मिटली. तोवर गावानं आपलं ठरवलं होतं. आडाला बाधा झाली. नारळ फुटले, शांती झाली, कुणाला तरी अंगात आलं आणि सांगून गेलं की कुणा बाईचा विटाळ झालाय. त्या उन्हाळ्यात आड कायमचा कोरडा पडला. बागायतदाराचा बोअर धो धो चालला. माझं नाव झालं. त्या बोअरच्या जोरावर मी दुसरी गाडी घेतली.

पुढं, प्रदर्शनानंतरची गोष्ट. सासरच्या गावात एकच जिती विहीर उरली होती, देवळाच्या मागची. तिच्याच भोवती दहा बोअर पाडायचा ठराव येणार होता आणि काम मला मिळणार होतं. सरांचं म्हणणं, दहा बोअर पडले की ही विहीरही जाईल. त्यांच्याकडं खडक होता, ओवी होती, उर्दू कागद होता, आलेख होता. फक्त आड कशानं गेला ते नव्हतं. ग्रामसभेच्या आधी ते अहमदपूरला माझ्याकडं आले. चहा घेतला. म्हणाले, "साडूभाऊ, तुमच्या जुन्या वह्या एकदा बघायला मिळतील का?"

"धंद्याच्या वह्या कुणी दाखवतं का?"

"नाही दाखवत," ते म्हणाले, आणि बशी पालथी घालून निघून गेले. त्यांना ठाऊक होतं की नव्हतं, हे मला आजही सांगता येणार नाही.

ग्रामसभा महादेवाच्या देवळापुढं, दुपारी. पोरांनी आपापलं, म्हणजे एकमेकांचं, सांगितलं. कायदेवालीनं खडक दाखवला, खडकवाल्यानं ओवी म्हटली. लोक हसले. एक म्हातारा ओरडला, "आरं, लगीन हाय का सभा?" सरपंच म्हणाले, "सर, तुमची विद्या लई मोठी. पण आडाला बाधा झाली हे समद्या गावाला ठाव हाय. बोअरचा त्यात काय गुन्हा?" मी मनातल्या मनात गाडी लावायची जागासुद्धा बघून ठेवली होती.

तेवढ्यात बायकांमधून सासूबाई उठल्या. पदर सारखा केला आणि कुणाकडंही न बघता म्हणाल्या, "मीच व्हते ती. त्या दिशी माझा चौथा दिस न्हवता झाला. घरात थेंब न्हवता, लेकीचं लेकरू तापलं व्हतं. मी गेले पाण्याला. माझ्यामुळं गेला आड. इतकी सालं कुणाला बोलले न्हाई."

मी सरांकडं पाहिलं. ते माझ्याकडं बघत होते. रागानं नाही, आरोपानं नाही. बोअरशेजारी बसून ती पट्टी उचलायची वाट बघावी, तसे. मला ते सहन होईना. आणि ती म्हातारी, एवढी शहाणी बाई, कसल्या खुळ्या गोष्टीवर आयुष्य जाळत बसली होती! माझं डोकं फिरलं. मी उठून ओरडलो, "काय बाधा बाधा लावलंय! विटाळ नाही न् फिटाळ नाही! माझ्या कॉम्प्रेसरची हवा होती ती! माझी! वहीत लिहून ठेवलीय मी!"

ओरडून झाल्यावर मला कळलं की मी काय बोललो. देवळापुढं इतकी शांतता होती की पिंडीवरच्या अभिषेकपात्राचा थेंब ऐकू येत होता. आणि त्या शांततेत हा माणूस, माझा साडू, खिशातलं पेन काढून म्हणतो, "किती फुटांवर, साडूभाऊ?"

"एकशे ऐंशी," मी म्हणालो.

दहा बोअरचा ठराव तिथंच पडला. बागायतदाराची माणसं माझ्याकडं बघून थुंकली, लोक ओरडत राहिले, मला त्यातलं काही ऐकू आलं नाही. सासूबाई गर्दीतून वाट काढत माझ्यापुढं येऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं, थोबाडीत देतील. द्यायला हवी होती. त्यांनी एवढंच विचारलं, "जावईबापू, म्हंजे आड माझ्यावर रागावला न्हवता?"

मी मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी दुपारी सासूबाई आडाकडं निघाल्या. इतक्या वर्षांत त्या वाटेला त्या गेल्या नव्हत्या, लांबून वळसा घालायच्या. एकीकडून मी धरलं, दुसरीकडून सरांनी. कठड्यावर बसल्या, आत वाकून पाहिलं. खाली काळोख, बाभळीचा पाला, आणि तो गार वास. मग म्हणाल्या, "तुमी दोघं जावा जरा तिकडं. मला बोलू द्या."

आम्ही दोघं लिंबाखाली जाऊन पाठ करून उभे राहिलो. मागून त्यांचा आवाज येत होता, शब्द कळत नव्हते. त्या थांबल्या की आडातून काहीतरी परत यायचं, त्यांच्याच आवाजात, पण जरा उशिरा, विचार करून उत्तर दिल्यासारखं. सगळी विद्या कोळून प्यालेला माणूस माझ्याशेजारी उभा होता. मी हळूच विचारलं, "सर, काय बोलत असतील?"

सरांनी नेहमीसारखं खाली जमिनीकडं बघितलं. मग म्हणाले, "त्याचा विभाग नाही साडूभाऊ."

सासूबाई गेल्या त्याला आता वर्षं झाली. सर निवृत्त झाले. नांदेडहून कधी तरी फोन येतो, आणि ऐकू कमी येतं म्हणून दोन्हीकडची बाजू तेच बोलतात. मी अजून रागावलेला आहे, आणि हे त्यांना तोंडावर सांगायला मला एकदा नांदेडला जायचं आहे. दर महिन्याला ठरवतो. पण त्या दुपारी लिंबाखाली किती वेळ उभे होतो ते आम्हा दोघांनाही सांगता येत नाही. उन्हं उतरली, पाय भरून आले, तरी तिकडं बघायचं धाडस त्यांनीही केलं नाही आणि मीही नाही.